व्याह्यांचं रक्त आणि पालखीपुढचं गाऱ्हाणं

रत्नागिरीला जाऊन आलो असं कराडात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, समुद्र बघितला का? दुसरा प्रश्न, आंबे आणले का? मी रत्नागिरी बघितली ती एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरून. तिथल्या खिडकीतून समुद्र दिसतो असं सगळे सांगत होते. मला नारळाची झाडं, पाण्याची टाकी आणि टाकीवर वाळत घातलेली कुणाची तरी लुंगी दिसायची. तिच्यापलीकडं समुद्र असावा. आंबे तर झाडावर सुपारीएवढे असतानाच आम्ही तिथं पोचलो होतो.

तरी लिहितो आहे, कारण कोकणावर लिहिणाऱ्यांनी किनारे, देवळं आणि मासे यांवर भरपूर लिहून ठेवलं आहे. युरियावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आणि या प्रवासात मी ज्याच्याकडं डोळे लावून बसलो होतो तो सूर्यास्त नव्हता, युरिया होता.

वाडी

आमची मीनल कोकणात दिली. जावई संदेश मुंबईला नोकरीला आहे, तेव्हा मुंबईला दिली असंही म्हणता येईल. पण कोकणातला माणूस मुंबईत राहतो तो शिमग्याची वाट बघत राहतो. होळी जवळ आली की हे लोक साहेबाला सांगून, न सांगून, प्रसंगी साहेबाशी भांडून गावाला येतात. यंदा व्याह्यांचं आग्रहाचं बोलावणं आलं, म्हणून मी आणि आमच्या सौ. अशी दोघं निघालो. वेळणेश्वरच्या अलीकडं, डोंगराच्या उतारावर त्यांची वाडी आहे. खाली माड, वर काजू आणि मधे तांबड्या चिऱ्याची घरं.

आमचे व्याही म्हणजे अण्णा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. राजापूरच्या स्थानकावरून निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झालेला नाही. काही सांगायचं असलं की आधी क्षणभर गप्प राहतात, घसा साफ करतात आणि मग सगळी माहिती एका सुरात सांगून टाकतात. आम्ही हातपाय धुतो न धुतो तोच आमचा कार्यक्रम जाहीर झाला. पहिल्या दिवशी वेळणेश्वर, दुसऱ्या दिवशी बुरोंडी, नंतर राजापूर. प्रत्येक ठिकाणी सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, चहापानाचा थांबा. शेवटी 'सर्वांनी कृपया नोंद घ्यावी' हेही ते म्हणाले. मी गंमत समजून हसलो. घरात दुसरं कुणीच हसलं नाही.

अण्णांचा दुसरा विशेष म्हणजे त्यांची मर्यादा. शरीर नावाची वस्तू आपल्याला आहे हे ते व्याह्यांसमोर कबूलच करत नसत. मागच्या दारी जायचं असलं तर काही न बोलता उठायचे आणि परत आल्यावर एकदम पावसापाण्याबद्दल बोलायला लागायचे. माझ्या सौ.समोर तर ते शिंकसुद्धा अंगणात जाऊन देत. आमच्याकडं देशावर माणसं पोट बिघडल्याचं पंगतीत सांगतात, वर उपायही विचारतात. त्यामुळं मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं आणि थोडा त्रासही व्हायचा.

पहिल्या दिवशी वेळणेश्वर वेळापत्रकाप्रमाणं पार पडलं. शंकराचं दर्शन झालं, वाळूत बसणं झालं, आणि वाळूत बसण्याची वेळ संपल्याचंही कळवण्यात आलं. घरी विहीणबाईंनी ओल्या काजूची उसळ, सुरमई आणि घावनं केली होती. कराडात पाहुण्याला 'घ्या घ्या' म्हणून जेरीला आणतात. इथं कुणी आग्रह करत नाही. वाढून समोर बसतात आणि तुम्ही माशाचं डोकं सोडता का खाता हे नुसतं बघतात. मी सोडलं. अण्णांनी ते शांतपणे स्वतःच्या ताटात घेतलं.

जेवताना शिमग्याचा विषय निघाला. होळीनंतर गावदेवाची पालखी घरोघर फिरते. ती दारात आली की गावकर, म्हणजे देवापुढं गावाच्या वतीनं बोलायचा मान ज्यांचा आहे ते तात्या, त्या घराचं गाऱ्हाणं मोठ्यानं घालतात आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्याकडं माणूस देवाकडं मनातल्या मनात मागतो, त्यामुळं नाही मिळालं तर कुणाला कळत नाही. इथं म्हैस, बढती, पोरीचं लग्न, सगळं नावानिशी आणि चारचौघांत. मोघम चालत नाही. आणि मागितलेलं मिळालं की ज्यानं मागितलं किंवा ज्याच्यासाठी मागितलं त्यानं देवळात यायचं आणि त्याच शब्दांत, त्याच लोकांसमोर, मिळालं म्हणून सांगायचं. मी विज्ञानाचा शिक्षक. उभी हयात शाळेत गेली. मी सौ.च्या कानात म्हणालो, हा देव आहे की तहसील? सौ.नी मला पुढचं घावन वाढलं.

जयगडची खाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरोंडीला निघायची वेळ झाली आणि अण्णा खोलीतून बाहेरच आले नाहीत. वेळापत्रक चुकलं यावरूनच घरात सगळे घाबरले. आत जाऊन बघतो तर ते पलंगावर पुढं वाकून, पोट आवळून बसलेले. कळ पोटातून थेट पाठीत जात होती. उलटी थांबत नव्हती, आणि तेवढ्यातही ते माझ्या सौ.ना हातानं खुणावत होते की आपण बाहेर थांबावं.

गावातल्या डॉक्टरांनी गॅसवर इंजेक्शन दिलं. शेजाऱ्यांनी ओवा दिला. कुणी काजूवर संशय घेतला, कुणी सुरमईवर. एका बाईंनी आमच्याकडं बघून पाहुण्यांची दृष्ट असते असं सुचवलं, तेव्हा सौ.चा चेहरा पडला. लेकीच्या सासरी आपल्या पायगुणानं माणूस आडवा पडला असं बोललं गेलं तर मीनलला ते जन्मभर ऐकावं लागणार होतं. मला अण्णांची काळजी होतीच. पण मनाच्या एका कोपऱ्यात ही भीतीही होती, ती लपवण्यात अर्थ नाही.

दुपारच्या आत संदेशनं गाडी काढली. तवसाळच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं खाडी ओलांडायची, पलीकडं जयगड आणि तिथून रत्नागिरी. बोट भरेपर्यंत सुटेना. खाडीचं पाणी हिरवंगार, वर घारी, धक्क्यावर शिंपल्यांतली कालवं विकणाऱ्या बायका. एरवी मी या देखाव्यावर पानभर लिहिलं असतं. मागच्या सीटवर अण्णा घामानं निथळत होते. बोटीचा दोर सुटला तेव्हा त्यांनी डोळे किलकिले करून मनगटावर बघितलं आणि पुटपुटले, "उशिरा सुटली."

दुसरा मजला

निदान लगेच झालं. स्वादुपिंडाला सूज, तीही तीव्र. मी वर्गात फळ्यावर स्वादुपिंड इतक्यांदा काढलं आहे की डोळे मिटून काढेन. जठराच्या मागं आडवा ठेवलेला मुळा, असं मुलांना सांगायचो. हा मुळा चिडला तर स्वतःलाच पचवायला निघतो आणि मग मूत्रपिंडं, फुप्फुसं, सगळ्यांना वेठीला धरतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. परीक्षेला स्वादुपिंडावर दोनच गुण होते.

अण्णांना अतिदक्षता विभागात आत नेलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. कुठल्याही रुग्णालयाचा खरा कारभार या बाकावर चालतो. आत डॉक्टर एका रोग्याला तपासतात, बाहेर सगळे मिळून सगळ्या रोग्यांना तपासतात. आमच्या शेजारी एक मावशी होत्या. माहेर बुरोंडी, इथल्याच बंदरावरच्या मिरकरवाड्यात दिलेल्या, मासे विकणाऱ्या. नवरा बोटीवरून पडून आत होता. स्वादुपिंड हा शब्द ऐकताच त्यांनी विहीणबाईंना विचारलं, पितात काय?

विहीणबाईंचा चेहरा बघवेना. अण्णांनी आयुष्यात कोकमाच्या सरबताशिवाय काही घेतलं नव्हतं, पण तासाभरात मजल्यावरच्या सगळ्या नातेवाइकांच्या नजरेत एक समजूतदारपणा आला. मावशींनी दिलासा दिला की त्यात लाजायचं काय, आमचा तर रोज पितो, बोटीवरून पडला पण पोट कसं ठणठणीत आहे. संध्याकाळी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, त्यातलाच एक सरकून वाटेत अडकला असणार असं कळलं. तेव्हा विहीणबाई उठल्या आणि बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येकाला सांगून आल्या, "खडा हाय. पित्ताचा खडा. दारू न्हाय." पोराला नोकरी लागल्यावर पेढे वाटावेत तशा त्या दिसत होत्या.

तोवर रक्ताचा पहिला रिपोर्ट आला. मीनलनं त्याचा फोटो घरच्यांच्या गटावर टाकला आणि यंदा शिमग्याला रजा न मिळालेले मुंबईतले काके, मामे कामाला लागले. कुणीतरी ॲमायलेज या स्वादुपिंडातल्या पाचकद्रव्याच्या आकड्याभोवती तांबडं वर्तुळ काढून पाठवलं. आकडा हजारांच्या घरातला होता. एकानं लिहिलं, आमच्या शेजाऱ्यांचा तर याच्या निम्मासुद्धा नव्हता आणि तरी ते गेले. दुसऱ्यानं लिहिलं, स्कॅन करा, ही साधी रक्ततपासणी काय कामाची, ही तर बालवाडीच्या प्रवेशालाही करतात. मग स्कॅन आधी की मुंबईला हलवणं आधी, यावर दोन तट पडले.

मला त्या कागदात कळणारी एकच गोष्ट होती, हिमोग्लोबिन. ते सतराच्या वर होतं. माझं स्वतःचं गेली काही वर्षं अकराच्या आसपास घुटमळतं आहे आणि त्यावरून घरात मला खजूर खावे लागतात. सौ.नी कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं. विहीणबाईंनी विचारलं, "सर, रगत बरा हाय ना ओ?" मी शिक्षकाच्या आवाजात सांगितलं की उत्तम आहे, या वयात असं रक्त बघायला मिळत नाही. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा जरा धीर आला. मासे खाणाऱ्या घरात रक्त असतंच, असंही त्या म्हणाल्या. मी ते ऐकून घेतलं.

त्यांना खटकत होती ती सलाइन. बाटलीमागून बाटली चढत होती. "रगतात पानी घालतायत," त्या म्हणाल्या, "दूधवाल्यासारखा."

पालखी दारात

दुसऱ्या दिवशी पालखी अण्णांच्या दारात येणार होती. घर बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून संदेशला सकाळीच खाडीपलीकडं पिटाळलं. दुपारी तात्यांचा फोन आला. घरधनी आजारी आहे हे देवाला माहीत आहे, पण मागायचं नेमकं काय? बरा होऊ दे, हे मोघम झालं. सगळेच तसं म्हणतात.

विहीणबाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. रक्ताचा जाणकार म्हणून माझी नेमणूक झालेलीच होती. मी विचार केला. इतकं पाणी चढवतायत, उलट्या झाल्यात, अंगात ताकद राहायला हवी. म्हणालो, रक्त टिकू दे, वाढू दे, असं मागा. विहीणबाईंनी ते शब्द तसेच तात्यांना सांगितले. पलीकडं ढोल थांबला, तात्यांचा लांब हेल काढलेला आवाज आला, आणि त्यामागं साऱ्या वाडीचा होकार. तहसीलवाला मी, मान खाली घालून ऐकत होतो.

देव तत्पर निघाला. चारच्या सुमाराला रिपोर्ट आला आणि हिमोग्लोबिन सतरावरून अठराच्या पुढं गेलेलं. विहीणबाईंनी खिडकीतून दिसणाऱ्या टाकीलाच हात जोडले. गटावर जोडलेल्या हातांची रांग लागली. मावशींनीसुद्धा आमचा देव कोणता ते विचारून घेतलं.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. डॉक्टर जाधव. चेहऱ्यावरून आमच्या शाळेतली दहावीची मुलगी वाटावी अशा बारीक अंगाच्या. मूळच्या राजापूरकडच्या, वडील प्राथमिक शिक्षक. हे सगळं विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. त्यांच्या हातात तोच कागद होता, पण त्या हसत नव्हत्या.

मला म्हणाल्या, "सर, भांड्यातला रस्सा आटला की फोडी वाढतात का?"

नाही, मी म्हणालो. रस्सा घट्ट होतो.

"हे तेच आहे. रक्त वाढलेलं नाही, त्यातलं पाणी सुजेत झिरपून गेलंय. आम्ही वरून घालतोय, पण पुरत नाहीये."

त्यांनी कागदावरची दुसरी ओळ दाखवली. युरिया. मूत्रपिंडांनी लघवीवाटे बाहेर टाकायचा कचरा, आणि तो कालच्यापेक्षा वर. तसलाच दुसरा कचरा, क्रिएटिनीन, तोही वर. सकाळपासून लघवी जेमतेम वाटीभर. मूत्रपिंडं दमायला लागली होती, आणि श्वासाला प्राणवायू लागत होता.

मुंबईच्या गटाच्या वतीनं मी ॲमायलेजचं विचारलं. त्या म्हणाल्या, तो आजाराचं नाव सांगतो, स्वभाव सांगत नाही. स्कॅनचं विचारलं. त्या म्हणाल्या, स्कॅन करू, पण आतलं किती खराब झालंय ते इतक्या लवकर त्यात नीट दिसत नाही. पहिले दोन दिवस माणूस कुठल्या वाटेला लागलाय हे या साध्या तपासण्याच सांगतात, हिमोग्लोबिनच्या खालचा रक्ताच्या घट्टपणाचा आकडा आणि युरिया. आणि एकदा विचारून भागत नाही, चढतोय की उतरतोय ते बघत राहावं लागतं. मी विचारलं, मग हा आकडा काय सांगतो? त्या म्हणाल्या, "आकडे अनेक माणसांकडे बघून शिकलेले असतात, सर. असे चढत गेलेले पुष्कळजण वाचत नाहीत. तुमचे अण्णा त्यांतले आहेत का, ते कागदावर नसतं."

उद्या सकाळी पुन्हा रक्त घेणार होते. युरिया आणखी चढला आणि लघवी झाली नाही, तर आंबा घाटातून कोल्हापूरला हलवावं लागणार होतं. त्या घाटाच्या वळणांवर अण्णांचं काय होईल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. कालपर्यंत मला लेकीला काय ऐकावं लागेल याची चिंता होती. आता समोर विहीणबाई होत्या.

त्या म्हणाल्या, "बाय, आमी देवाकडं रगत वाढूदे मागितला. आजच. पालखीपुढं."

मी माझ्या चपलांकडं बघत होतो. डॉक्टर हसतील असं मला वाटलं, रागावतील असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "आम्ही बौद्ध, आज्जी. आमच्याकडे पालखी येत नाही, त्यामुळे त्यातलं मला काही कळत नाही. पण मागायचंच असेल तर लघवी मागा."

आणि आत गेल्या.

पुढची वाडी

विहीणबाईंनी तत्काळ तात्यांना फोन लावला. आता सांगतो तो गोंधळ कराडात होणं शक्य नाही, कारण आमच्याकडं देवाला सांगितलेलं कुणी ऐकलेलंच नसतं.

पालखी आमच्या वाडीतून निघून पुढच्या वाडीत गेली होती. तात्यांचं म्हणणं पडलं की घातलेलं गाऱ्हाणं मागं घेता येत नाही. देवानं ऐकलं, कामाला लागला, रिपोर्टमध्ये फळही दिलं. आता काय म्हणून नको म्हणायचं? पाठीमागं मानकरी बोलत होते. एकानं सुचवलं, रक्त कमी कर असं सांगू. आजारी माणसाचं रक्त कमी कर, असं देवापुढं म्हणायला एकाचीही जीभ धजेना. देवानं फारच मनावर घेतलं तर?

शेवटी ठरलं की जुनं तसंच राहू द्यायचं आणि नवं मागायचं. पण नवं म्हणजे लघवी. तात्या अडखळले. पालखीपुढं बायकापोरं, पाहुणे, मुंबईकर. एखादा चांगला शब्द नाही काय? फोन माझ्याकडं आला. मी मूत्रविसर्जन म्हणून बघितलं. तात्यांनी विचार करून सांगितलं की विसर्जन गणपतीचं असतं, आमच्या देवाला असं बोललेलं समजायचं नाही. मी जलनिःसारण म्हणालो, तर संदेश पलीकडून म्हणाला की बाबा, ते ग्रामपंचायतीचं आहे. मुंबईहून एका काकांनी मेसेज पाठवला की शब्दासाठी थांबू नका, आधी स्कॅन करा.

विहीणबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. तेवढ्या दोन दिवसांत ती बाई निम्मी झाली होती. पण आवाज स्पष्ट होता. "तात्या, लगवी म्हना. सगळी करतत ती. माझ्या माणसाची अडलीय. लाज धरू नका."

मग फोनचा आवाज मोठा करून त्यांनी तो बाकावर मधोमध ठेवला. पलीकडं ढोल थांबला. तात्यांनी घसा साफ केला आणि हेल काढून, अण्णांचं पूर्ण नाव, वाडीचं नाव, रुग्णालयाचा मजलासुद्धा सांगून गाऱ्हाणं घातलं, की बाबा म्हाराजा, या तुझ्या लेकराची लघवी मोकळी होऊ दे. एक क्षण काही ऐकू आलं नाही. मला वाटलं कुणीतरी हसणार. मग सारी वाडी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाली, आणि आमच्या बाजूला मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या पलीकडचा दाढीवाला माणूस म्हणाला, आणि पहारेकरी आम्हाला गप्प करायला आला तो सगळं ऐकून घेऊन तसाच परत गेला.

आत डॉक्टर सलाइनची गती बदलून, तास-तासाला लघवीची पिशवी बघत उभ्या होत्या. त्यांना हे काही ऐकू गेलं नसावं.

सकाळ

सकाळी एकेकाला आत सोडलं. मी खाटेजवळ गेलो आणि अण्णांच्या तोंडाकडं बघायच्या आधी खाली लटकणाऱ्या पिशवीकडं बघितलं. ती निम्म्याच्या वर भरली होती. पिवळीधमक. सकाळच्या उन्हात इतकी सुंदर वस्तू मी आजवरच्या कुठल्या प्रवासात पाहिलेली नाही. वेळणेश्वरची वाळूही तिच्यापुढं काही नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. अण्णांनी डोळे उघडून माझी नजर कुठं आहे ते बघितलं आणि हातानं चादर ओढून पिशवी झाकायचा प्रयत्न केला.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन पंधरावर उतरलेलं. विहीणबाईंच्या तोंडून सवयीनं 'अरे देवा' निघालं, मग त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. युरिया कालच्या खाली होता. थोडासाच, पण खाली. डॉक्टर म्हणाल्या, आज हलवायला नको, आजचं उत्तर बरं आहे, संध्याकाळी परत विचारू. त्या ज्या तऱ्हेनं हे म्हणाल्या त्यावरून मला वाटलं, तात्याही पालखीपुढं असेच, पुढचं उत्तर काय येईल ते न कळता, उभे राहत असतील.

गटावर श्रेयाची वाटणी सुरू झाली. देवानं केलं, सलाइननं केलं, आपण वेळेवर स्कॅनचा आग्रह धरला त्यानं केलं. पाहुण्यांच्या दृष्टीचं मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढं पुष्कळ दिवस गेले. छातीत पाणी झालं, ताप आला, एकदा युरियानं परत भिववलं. रोज रक्त, रोज तोच प्रश्न. आम्ही दोघं मधे कराडला जाऊन आलो. बुरोंडी मला मावशींच्या तोंडून दिसली, राजापूर डॉक्टरांच्या बोलण्यात. गावाकडून पेज, शहाळी आणि बीटाचा रस यायचा. पेज आणि शहाळी आम्ही बाकावरच वाटून खायचो, बीटाला मात्र विहीणबाई आता हात लावू देत नसत. अण्णांना घरी सोडलं तेव्हा पाडवा होऊन गेला होता आणि आंब्याच्या पेट्या भरायला लागल्या होत्या. पित्ताशय नंतर काढायचं ठरलं.

देवळात

पालखीतला देव आता देवळात परत बसला होता. अण्णा निम्मे झाले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता. घरी आल्यावर त्यांना कळलं की मागितलेलं मिळालं म्हणून त्यांनी देवळात जाऊन सांगायचं आहे. आणि काय मागितलं होतं तेही कळलं.

दोन दिवस ते अंगणातसुद्धा आले नाहीत. मग तात्यांना बोलावून विचारलं, प्रकृतीस आराम पडला, एवढं पुरणार नाही काय? तात्या म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं स्टँडवर होता. चिपळूणची गाडी लागली असताना खेडची म्हणून सांगितलीत काय कधी? अण्णांनी देवळात पोचायची वेळ विचारून घेतली.

आम्ही देवळात गेलो तेव्हा सारी वाडी जमली होती. मुंबईकर गेले होते, पण फोनवर बघत होते. बायकांच्या बाजूला विहीणबाई, मीनल आणि आमच्या सौ. अण्णांनी एका हातानं खांब धरला. मला त्यांच्या जागी उभं राहायला सांगितलं असतं तर मी कराडला पळालो असतो. ते क्षणभर गप्प राहिले. घसा साफ केला. आणि मग त्या आजारानं खंगलेल्या अंगातून स्थानकावरचा जुना आवाज निघाला, कौलांपर्यंत पोचणारा.

"बा देवा म्हाराजा. फाल्गुन महिन्यात तुझ्याकडे मागितलेली माझी लघवी मला मोकळी झालेली आहे. सर्वांनी कृपया नोंद घ्यावी."

कुणी हसलं नाही. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मीही म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं.

परतताना आम्ही काजूच्या बागेतून हळूहळू चाललो होतो. अर्ध्या वाटेत अण्णा थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सौ.कडं बघितलं आणि सरळ आवाजात म्हणाले, "सर, मी जरा लघवीला जाऊन येतो."

आम्ही सगळे रस्त्यात थांबलो.